चौकशी खिडकीवरचा उखाणा

"नाव सांगा, बाई. पेशंटचं नाव."

"आमचे मालक हायेत."

"मालक? कशाचे मालक? बिल्डिंगचे?" पेडणेकरसाहेबांनी मान वर न करता विचारलं. रांगेतले दोघे-तिघे फिस्सकन हसले.

खिडकीच्या गजांपलीकडे पंचविशीची एक बाई उभी होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, पाय अनवाणी आणि घोट्यापर्यंत सिमेंटनं पांढरे झालेले. धापा टाकत होती.

"परांचीवरून पडले, सायेब. सकाळच्या पारी. टेंपोत घालून हितंच आनलं म्हनं मुकादमानं. जिते हायेत ना? तेवढं सांगा."

"अहो, पण नाव? इथे रोज पन्नास माणसं पडून येतात. त्यातला तुमचा कोणता, हे मी ओळखायचं का?"

बाई पदर तोंडाशी धरून खाली बघायला लागली.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते. ती वेळ मला आजही पाठ आहे, आणि का पाठ आहे तेच सांगायला बसले आहे.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालातली. मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात, कुठल्या ते विचारू नका, मी चौकशीच्या खिडकीवर ज्युनियर क्लार्क होते. नलिनी साटम, वय तेवीस. नोकरीला आठ महिने झाले होते आणि कायम व्हायला चार बाकी होते. अपघाताचा पेशंट गंभीर असला की त्याच्या माणसाला आमच्या खिडकीवरून लाल पास मिळायचा. तो हातात असला की वॉर्डात कधीही सोडत. नसला तर जिन्यापाशीच अडवत, मग तुम्ही कोणी का असेना. पासांचं पुस्तक हेडक्लार्क पेडणेकरांच्या खणात असायचं आणि सहीही त्यांचीच लागायची.

माणूस तसा वाईट नव्हता, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. दिवाळीला सगळ्या ऑफिसला घरचा चिवडा आणायचे. आता नाही म्हणत. चिवडा आणला म्हणून काय झालं?

"कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

"जिंतूरकडून. परभनी जिल्हा."

"मुंबईत कधी?"

"एकोणीस दिस झाले."

"एकोणीस दिवस!" साहेब माझ्याकडे वळले. "बघ साटम. एकोणीस दिवस नाही झाले तर ह्यांना आपलं इस्पितळ सापडलं. अगं, ही मुंबई बुडेल ना, ती समुद्रानं नाही बुडायची, ह्या लोंढ्यांनी बुडेल. राजधानी आहे ना! गावात काम नाही मिळालं की चढलेच एसटीत. ना संडासाला बसायची अक्कल, ना रांगेत उभं राहायची."

मी "हो साहेब" म्हटलं. रोजच म्हणत असे. आमच्या लालबागच्या चाळीतही हेच बोलणं चालायचं, आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या ट्रंका अजून गावच्याच होत्या. पेडणेकर म्हणजे तरी काय हो? पेडण्याचे ते पेडणेकर. आडनावातच गाव घेऊन फिरायचं आणि दुसऱ्याला गावठी म्हणायचं. पण हे सगळं शहाणपण आत्ताचं. तेव्हा मी "हो साहेब" म्हणत होते.

ती नाव का घेत नाही, हे मला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. माझ्या आईनं उभ्या जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. रेशनच्या ऑफिसात मला पुढे ढकलायची आणि म्हणायची, "सांग गो, तुझ्या बापाशीचा नाव सांग." मी सात वर्षांची असताना टाचा उंच करून सांगायचे. ह्या बाईबरोबर पुढे ढकलायला कोणी नव्हतं.

भरतीची वही माझ्यासमोर उघडीच होती. सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. मल्हारी तुकाराम खंदारे, वय तीस, बिगारी, उंचावरून पडून. वॉर्ड अकरा.

"बाई," मी म्हटलं, "देवाचं नाव आहे का त्यांचं?"

तिनं चटकन वर पाहिलं. "व्हय, व्हय. जेजुरीच्या देवाचं."

"मल्हारी?"

"व्हय! तेच, ताई, तेच! कुठं हायेत?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं.

"साटम, तू कशाला सांगतेस? नियम काय आहे? नातेवाइकानं पेशंटचं पूर्ण नाव स्वतः सांगायचं. उद्या कोणीही येईल आणि नुसती मुंडी हलवेल."

"साहेब, आज पडून आलेला मल्हारी एकच आहे."

"असू दे. शहरात राहायचं तर शहराची रीत शिकायला नको? आपण नाही शिकवायची तर कोणी?" मग तिच्याकडे बघून, "बाई, बाजूला उभ्या राहा. नाव आठवलं की या. हं, पुढे कोण?"

ती खांबाला टेकून उभी राहिली. रांगेतला एक माणूस पुढे सरकला की तीही एक पाऊल पुढे यायची. साहेब बोट वर करून विचारायचे, "आठवलं?" ती मान हलवायची आणि परत खांबाशी जायची. दोन-तीन वेळा हे झालं तेव्हा रांगेला त्याची मजा वाटायला लागली. तिनं एका इस्त्रीच्या शर्टवाल्या पोराला विनवलं, "दादा, मल्हारी म्हना की माझ्या वतीनं. म्हंजी..." आणि जीभच चावली. आपल्या तोंडून निम्मं नाव निघून गेलं म्हणून तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तो पोरगा खो खो हसत सुटला.

"निघालं की! निघालं!" साहेब म्हणाले. "आता वडिलांचं आणि आडनाव. पूर्ण नाव पाहिजे, बाई."

ती माझ्या बाजूच्या गजांशी आली. अगदी हळू बोलली.

"ताई, मघाशी चुकून निघालं, देव माफ करो. एरवी कुनी लई गळ घातली तर घेतलंबी असतं. पर बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं. आज त्येंच्यापाशी हायेच किती? त्यातलं म्या कसं कमी करू?"

हसायचं तर हसा. अडाणी म्हणा, खुळचट म्हणा. पण त्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या माणसाच्या आयुष्याचा हिशेब करणारी ती एकटीच होती, आणि आम्ही तिला खांबाशी उभं केलं होतं.

साडेदहाला फोन वाजला. वॉर्ड अकरातून सिस्टर कार्व्हालो बोलत होत्या.

"साटम, त्या मल्हारीचं कोणी आलं का गं? आलं असेल तर पळत पाठव. शुद्धीवर आहे, पण काही खरं नाही. सारखं विचारतोय, कौतिका आली का, कौतिका आली का."

मी फोनवर हात ठेवला. "साहेब, वॉर्डातून फोन आहे. पेशंट सिरियस आहे. बायकोला विचारतोय."

"विचारतोय ना?" साहेबांनी चहाच्या पोऱ्याला खूण केली. "म्हणजे बरा आहे. बोलणारा पेशंट मरत नाही."

"सिस्टर म्हणतात, लगेच पाठवा."

"मी कुठे अडवलंय? एका वाक्याचं काम आहे. ते तिच्याच तोंडात अडलंय." मग हळूच म्हणाले, "कायम व्हायचंय ना गं तुला? मग खिडकीवर कसं बसायचं ते शीक. एकाला सूट दिलीस की उद्या सगळा मराठवाडा येऊन बसेल."

मी फोनवर म्हटलं, "पाठवते."

पाठवलं नाही. खोटं कशाला बोलू? मला कुलूप फोडायचं नव्हतं की सही मारायची नव्हती. नुसतं उठून तिचा हात धरायचा होता आणि जिन्यावरच्या माणसाला सांगायचं होतं, मी ऑफिसची आहे, हिला सोड. त्यानं सोडलं असतं. मी उठले नाही. कायम व्हायला चार महिने राहिले होते आणि घरी धाकटा भाऊ शिकत होता. कारणं पुष्कळ असतात माणसाकडे. मी भरतीची वही सरळ केली, शाईचे डाग पुसले आणि पुढच्या माणसाला विचारलं, "पेशंटचं नाव?"

तिला फोनचं सांगितलंही नाही. सांगितलं असतं तर तिनं रडून गोंधळ घातला असता, आणि साहेब माझ्यावर चिडले असते.

अकराच्या सुमारास रांग जरा ओसरली. साहेबांचा चहा झाला, पान लागलं, मूड आला.

"चला, बाई," ते म्हणाले, "आपण तोडगा काढू. एवढे काही आम्ही कसाई नाही. असं नाव घेतलं की पाप लागतं ना? मग उखाण्यात घ्या. उखाण्यात घेतलेलं चालतं. आमच्याकडेही चालतं."

"उखाना? हितं?"

"मग काय झालं?"

"त्यो लगनात घेत्यात, सायेब. बारशाला घेत्यात. चार सवाष्नी बसल्या की घेत्यात. हितं बाप्यांमंदी, दवाखान्यात... आन् ते वर पडलेले..."

"घ्या हो वहिनी!" रांगेतून कोणीतरी ओरडलं. इस्त्रीच्या शर्टवाला अजून तिथेच होता. तो म्हणाला, "लाजू नका! जोरात होऊ द्या!" हँडबॅगवाली एक बाई होती, तीसुद्धा म्हणाली, "घ्या ना, एवढं काय त्यात? आम्ही नाही का घेत हळदीकुंकवाला?" सगळ्यांनी आवाज सुरू केला. इस्पितळात इतका वेळ उभं राहून माणसं कंटाळलेली असतात. त्यांना करमणूक हवी होती आणि ती समोर उभी होती, अनवाणी.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं असेल? मी मान डोलवली. घ्या म्हणून.

तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, हात जोडले. आणि त्या गजांकडे बघून, लहान मुलीनं पाठ म्हणावं तशी म्हणाली:

"भाकर केली बाजरीची, वर ठेवला ठेचा,
तुकारामाचे लेक, खंदाऱ्यांचे मल्हारीराव, रस्ता दावा त्येंचा."

त्यातला 'रस्ता दावा' ऐकून खरं तर सगळ्यांनी मान खाली घालायला हवी होती. तिनं उभ्या उभ्या जुळवलं होतं ते. पण हॉलमध्ये टाळ्या पडल्या. "वा वा!" झालं. कोणीतरी शिट्टीही मारली.

साहेबांनी खण उघडला, लाल पास फाडला, झोकात सही केली. "बघितलंत? जमलं की नाही? काही झालं का?"

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

पास घेऊन ती उलट्याच दिशेला धावली. तेव्हा कुठे माझे पाय हलले. "साहेब, मी पोचवून येते," म्हटलं. "जा जा," ते म्हणाले, "अकरा नंबर काय सापडायचा नाही तिला. आयुष्यात जिना चढली नसेल."

दोन मजले चढायचे होते. जिने चढता चढता मी तिला विचारलं, काय काम करतात मालक? ती म्हणाली, बाराव्या मजल्याचा स्लॅब चालू होता. तीही तिथेच पाट्या वाहायची, बाराव्या मजल्यापर्यंत, दिवसातून शंभरदा. जिना चढली नसेल म्हणे!

"ताई," ती मध्येच थांबली, "रागावतील का हो? बाप्यांमंदी नाव घेतलं म्हनून?"

"नाही हो."

"न्हाईच रागवायचे. हसतील." आणि स्वतःच जराशी हसली. तेवढं एकदाच मी तिला हसताना पाहिलं.

वॉर्डच्या दाराशी सिस्टर कार्व्हालो भेटल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचे दोन्ही खांदे धरले.

"आत्ताच गेला गं बाई. दोन मिनिटं झाली बघ. डॉक्टरांनी खूप केलं."

इस्पितळात हे असंच सांगतात. माणूस तासाभरानं आला, दोन तासांनी आला, तरी 'आत्ताच गेले'. उशीर झाला ही टोचणी जन्मभर राहू नये म्हणून. मी स्वतः कितीजणांना सांगितलं होतं. चांगल्या मनानंच सांगतात.

कौतिका पलंगाशी गेली. चादर बाजूला करून त्याचा चेहरा पाहिला, केसांत अडकलेला सिमेंटचा खडा काढला. मग खाली बसली आणि एकाएकी स्वतःच्या तोंडावर मारायला लागली. उजव्या हातानं, मग डाव्या हातानं, ओठ फुटून रक्त येईपर्यंत.

"दोन मिन्टं! खाली म्या नाव घेतलं आन् हितं ते गेले. ह्या तोंडानं खाल्लं त्येंला. मंगल वेळेला घ्यायचं नाव म्या रस्त्यावर घेतलं. खाल्लं गं बया, खाल्लं म्या!"

सिस्टरना काही कळेना. "काय म्हणतेय ही? कसलं नाव?" त्यांनी तिचे हात धरले. ती सोडवून घेऊन परत मारत होती.

माझी नजर पलंगाच्या पायथ्याशी टांगलेल्या केसपेपरवर गेली. डॉक्टरांनी सही करून वेळ घातली होती. दहा पन्नास. मी तीनदा वाचलं. दहा वाजून पन्नास मिनिटं. म्हणजे मी पाठवते म्हटल्यावर वीस मिनिटांनी. ती खांबाशी उभी होती तेव्हा. साहेब चहाची वाट बघत होते तेव्हा.

तेवढ्यात वॉर्डातला फोन वाजला. माझ्यासाठीच होता.

"साटम," साहेबांचा आवाज एकदम खालच्या पट्टीत होता, "वॉर्डाची चिठ्ठी आली आत्ता, गेला म्हणे तो. असो. तू खाली ये. आणि हे बघ, तिच्याशी वेळेबिळेचं काही बोलू नकोस. सिस्टर नेहमी सांगतात तेच बरोबर. आत्ताच गेला. ह्या लोकांना काही कळलं ना, तर उद्या आख्खी झोपडपट्टी दारात आणून बसवतील. समजलं?"

"साहेब, तिला वाटतंय तिनं नाव घेतल्यामुळे तो मेला."

"वाटू दे. त्यांना काय, काहीही वाटतं. चार दिवसांनी विसरेल. ये खाली."

मी फोन आपटला. अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. चार दिवसांनी विसरेल! आमची खुर्ची सांभाळायला ती बाई जन्मभर स्वतःला नवरा खाल्लेली समजणार, आणि आम्ही दिवाळीला चिवडा वाटणार. अरे, लाज कशी वाटत नाही? हा राग माझा मला नवा होता. तासाभरापूर्वी आला असता तर त्याचा काही उपयोग होता.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले, तिचे दोन्ही हात माझ्या मांडीवर दाबून धरले.

"कौतिकाबाई, ऐका. तुम्ही नाव घेतलंत तेव्हा अकरा वाजून गेले होते. ते त्याआधीच गेले. चांगली वीस मिनिटं आधी. तुमच्या नाव घेण्यानं काही झालेलं नाही."

"उगा समजूत घालू नका, ताई."

"समजूत नाही. हा बघा कागद. डॉक्टरांनी लिहिलंय. सिस्टर, सांगा हिला."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असावं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. "मघाशी मी उगाच दोन मिनिटं म्हटलं. दहा पन्नासला गेला तो."

कौतिकाचे हात माझ्या हातांत सैल पडले.

"म्हंजी म्या न्हाई?"

"तुम्ही नाही."

"तुमच्या लेकराची आन घ्या."

"मला लेकरू नाही अजून. आईची शप्पथ."

ती भिंतीला टेकली. ओठाचं रक्त पदरानं पुसलं. मला वाटलं, आता रडेल. पण ती काहीतरी जुळवत होती. मला माहीत होतं पुढचा प्रश्न कुठला येणार ते, आणि तो यायच्या आत पळून जावंसं वाटत होतं.

"म्या खाली आले तवा किती वाजले हुते?"

"सव्वादहा."

"आन् तवा हे?"

"होते," मी म्हटलं.

"बोलत हुते?"

सिस्टर म्हणाल्या, "तुझंच नाव घेत होता."

पुढे ह्या प्रकरणाची चौकशी झाली. मी लेखी तक्रार केली म्हणून झाली, नाहीतर तेवढंही झालं नसतं. दीड महिन्यानं निकाल लागला. 'नातेवाईक ग्रामीण भागातील व अशिक्षित असल्याने माहिती मिळण्यास विलंब झाला. कर्मचाऱ्यांचा दोष दिसून येत नाही.' अशिक्षित म्हणे! वेळेला वेळ जोडून नेमका प्रश्न विचारणारी त्या इस्पितळात दुसरी कोणी मी पाहिली नाही. मला कायम केलं ते आणखी वर्षभरानं, आणि पेडणेकरसाहेब रीतसर बढती घेऊन रिटायर झाले. ते जाऊ दे.

तर, वॉर्डात कौतिका उठली. मल्हारीच्या अंगावरची चादर पायांपर्यंत ओढून नीट खोचली. मग दाराकडे निघाली. मी मागून हाका मारत होते. ती थांबली नाही. आता तिला रस्ता माहीत होता.

खाली हॉलमध्ये रांग परत वाढली होती. टाळ्या वाजवणाऱ्यांतले बरेचसे अजून तिथेच होते. कोणाला रक्ताचा रिपोर्ट हवा होता, कोणाला डिस्चार्जचा कागद. ती सरळ खिडकीशी गेली. कोणी अडवलं नाही. मी बाजूच्या दारानं आत येऊन माझ्या खुर्चीशी उभी राहिले.

"हं, बाई," पेडणेकरसाहेब म्हणाले, "वाईट झालं. देवाची इच्छा. आता कागदपत्रांसाठी..."

"मल्हारी तुकाराम खंदारे."

"काय?"

"नाव सांगतेय. तुमाला पायजे हुतं न्हवं? पुरं नाव. मल्हारी तुकाराम खंदारे." आवाज हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला. "लिवून घ्या. मल्हारी तुकाराम खंदारे. आता कितींदाबी घेते. आता त्येंचं काय कमी व्हायचं ऱ्हायलं न्हाई. सव्वादहाला आले म्या. दहा पन्नासला गेले ते. मल्हारी तुकाराम खंदारे."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी आजही विसरलेले नाही. मग ते खिडकीची झडप खाली ओढायला उठले. मी झडप धरली. त्यांनी जोर लावला. मी दोन्ही हातांनी धरली. "सोड, साटम," ते दातओठ खात म्हणाले. मी सोडली नाही.

कौतिका रांगेकडे वळली.

"आन् तुमी? मघाशी लई टाळ्या वाजवल्या. वाजवा की आता. परत घेतलंय म्या नाव. बिन उखान्याचं घेतलं म्हनून आवडलं न्हाई व्हय?" ती इस्त्रीच्या शर्टवाल्यापाशी गेली. "तू वाजीव, दादा. तू लई हसलास. वाजीव."

तो पोरगा बुटांकडे बघत होता. हँडबॅगवाली डोळ्यांना रुमाल लावून भिंतीकडे वळली. कौतिका एकेकाच्या तोंडाकडे बघत रांगेच्या शेवटापर्यंत गेली आणि परत आली. मग तिनं गजांतून आत माझ्याकडे बोट केलं.

"त्या ताई बगा," ती सगळ्यांना म्हणाली. "ह्या एवढ्या मोठ्या शेहरात तेवढी एकली मानसासारखी वागली."

मी झडप तशीच धरून उभी होते. खाली बघत. तिनं उखाणा घेतला तेव्हा आत खुर्चीत बसून मीही टाळी वाजवली होती. वर वॉर्डात मी तिला वेळा खऱ्या सांगितल्या, फोनचं आणि ह्या टाळीचं मात्र सांगितलं नव्हतं.